तिचा गांधार उतरलेला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या उपनगरात शाळकरी मुलांची शास्त्रीय गायनाची एक स्पर्धा झाली. नाव लिहीत नाही कारण मला आयोजकांवर चिखल उडवायचा नाहीये, त्यांनी सगळं मनापासून केलं होतं, मुलांना वडापाव सरबत सगळं दिलं, पण निकालाबरोबर प्रत्येक मुलाच्या पालकांना एक कागद दिला, ॲपने काढलेला, त्यात प्रत्येक स्वरासमोर हिरवा पिवळा किंवा लाल ठिपका आणि बाजूला आकडा. माझ्या क्लासमधली सातवीतली एक मुलगी यमन गायली होती. तिच्या कागदावर सा, रे, प हिरवे, तीव्र मध्यम पिवळा, आणि ग, ध, नि तिन्ही लाल. गांधारासमोर उणे १३, धैवतासमोर उणे १५, निषादासमोर उणे ११. खाली शेरा, "स्वर उतरतात, सुरांवर मेहनत घ्यावी."

रात्री साडेदहाला तिच्या आईचा फोन आला, रडवेल्या आवाजात, की ताई तीन वर्षं तुमच्याकडे येतेय आणि अजून सूर लागत नाही म्हणतात. मी म्हटलं कागदाचा फोटो पाठवा. तो फोटो बघितला आणि मला आधी हायसं वाटलं आणि मग खूप राग आला, कारण त्या कागदावर मुलीची चूक नव्हतीच, ॲपची पट्टी कुठली होती ते लिहिलेलं होतं. ज्याचा सूर खरंच उतरतो त्याचा सगळीकडे उतरतो, दमला की षड्जसुद्धा उतरतो. सा रे प अगदी चोख आणि फक्त ग ध नि खाली, तेही साधारण एवढ्याच आकड्यांनी, असं कधी होतं? जेव्हा मूल तंबोऱ्यावर शिकलेलं असतं आणि मोजणारं यंत्र कीबोर्डच्या हिशेबाने लावलेलं असतं तेव्हा.

आपल्या पेपरच्या पुरवणीतही मध्यंतरी अशा सूर तपासणाऱ्या ॲपचं कौतुक आलं होतं, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितेय. लांब होणार आहे. जागा कमी पडली तर माझी मतं कापा, आकडे कापू नका.

पहिल्यांदा तंबोऱ्याबद्दल. ज्यांनी नीट जवारी लावलेला मिरजेचा तंबोरा जवळ बसून ऐकलाय त्यांना हे सांगायला नको पण सगळ्यांनी ऐकलेला नसतो. पहिली तार पंचम, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्ज, शेवटची खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. गांधाराची तार नाहीच. तरी खर्जाची तार छेडली, ब्रिजवर दोरा अर्धा केस इकडेतिकडे सरकवून जवारी खुलली, की त्या जाड तारेच्या आवाजातून वर कुठेतरी स्वच्छ गांधार ऐकू येतो. त्यालाच आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात. कारण साधं आहे, तार नुसती एका आंदोलनसंख्येने हलत नाही, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी सगळी आंदोलनं तिच्यात एकाच वेळी असतात, आणि पाचपट म्हणजे गांधार. माझ्याकडे नवीन मूल आलं की पहिले काही आठवडे मी पेटी उघडतच नाही, डोळे मिटून फक्त खर्ज ऐकायला लावते आणि विचारते की काय काय ऐकू येतंय. कुणाला आठ दिवस लागतात कुणाला दोन महिने, पण एकदा तो गांधार कानाला सापडला की मूल स्वतःहून आपला गळा त्याच्यात मिसळायला बघतं आणि मिसळला की त्याचा चेहराच बदलतो. ही मुलगी दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली होती, "ताई, ग वाजतोय, पण कोण वाजवतंय?"

आता आकडे. ज्यांनी संगीताच्या परीक्षा दिल्यात त्यांना पुस्तकातली षड्ज सेकंदाला २४० आंदोलनं ही ओळ पाठ असेल. तोच हिशेब धरते. सा २४० असेल तर खर्ज १२०, त्याचं पाचपट ६००, म्हणजे वरच्या सप्तकातला गांधार, आणि मधल्या सप्तकात त्याच्या निम्मा, ३००. म्हणजे सा ला ५/४ ने गुणलं की हा गांधार मिळतो. कीबोर्डवर, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांवर, गांधार ३०० वर नसतो तर जवळपास ३०२.४ वर असतो. अडीच आंदोलनांनी काय होतं असं वाटेल. तंबोरा चालू ठेवून पेटीचा गांधार दाबून धरा, खर्जातला ६०० चा गांधार आणि पेटीच्या गांधाराचा वरचा ६०४.८ एकमेकांवर आदळतात आणि आवाज सेकंदाला जवळजवळ पाच वेळा हलतो, वॉव वॉव वॉव असा. संगीत न शिकलेल्या माणसालाही तो ऐकू येतो, मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला ऐकवलाय.

हे अंतर मोजायला सेंट हे एकक वापरतात, अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८८५ च्या सुमारास ते रूढ केलं. एका सप्तकाचे १२०० भाग, आणि कीबोर्डची शेजारशेजारची प्रत्येक पट्टी बरोब्बर १०० च्या अंतरावर. कीबोर्डचा गांधार ४००, तंबोऱ्याचा ३८६. फरक १४. शुद्ध धैवत ५/३ घेतला तर ८८४ आणि कीबोर्डचा ९००, फरक १६. शुद्ध निषाद १५/८ म्हणजे १०८८, कीबोर्डचा ११००, फरक १२. तीव्र मध्यम ४५/३२ म्हणजे ५९०, कीबोर्डचा ६००, फरक १०. आणि रिषभ फक्त ४ ने वेगळा, पंचम फक्त २ ने. आता परत वर जाऊन त्या मुलीच्या कागदावरचे आकडे बघा. उणे १३, उणे १५, उणे ११, तीव्र म काठावर, बाकी हिरवे. सातवीतल्या मुलीने ५/४, ५/३ आणि १५/८ एवढ्या जवळून लावले यासाठी तिला बक्षीस द्यायला पाहिजे होतं आणि तिला मिळाला लाल ठिपका.

मग कीबोर्ड चुकीचा का? मी असं म्हणत नाहीये आणि हे मला नीट सांगायचंय, कारण या वादात लोक लगेच दोन टोकांना जाऊन बसतात. कीबोर्डला तसं लावण्यामागे खरी अडचण आहे आणि ती मला कुठल्या पुस्तकात कळली नाही, गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या दीड खोलीत कळली.

बाबा काळी एकमध्ये गायचे, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. पेटी घरचीच, त्यांच्या वडिलांची, आणि वर्षातून एकदा पेटीवाले काका यायचे ते तंबोरा लावून त्याच्यावर एकेक सूर घासून जुळवायचे. पितळेची पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, दोन हलके हात आणि परत भाता मारून ऐकायचं, अख्खी दुपार जायची. याला आमच्याकडे गांधार ट्यूनिंग म्हणायचे. बाबा भूप गायला बसले की पेटी आणि तंबोरा असे मिसळायचे की पेटी वेगळी ऐकूच यायची नाही. पण गणपतीत आत्या यायची. आत्याची पट्टी काळी चार. ती त्याच पेटीवर भजनाला बसली की पहिल्या ओळीतच थांबायची आणि म्हणायची, "दादा, तुझ्या पेटीचा रे टोचतो." दर वर्षी. बाबा म्हणायचे काल तर काका लावून गेलेत. आत्या म्हणायची सगळं छान आहे, फक्त रे टोचतो. मी तेव्हा आठवी-नववीत, मला वाटायचं आत्याचा हट्ट आहे.

खूप वर्षांनी हिशेब मांडून बघितला तेव्हा आत्या शब्दशः बरोबर निघाली. काळी एकला सा धरला तर काळी चार हा त्याचा पंचम. बाबांच्या शुद्ध लावलेल्या पेटीवर काळी चारला सा धरून बसलं तर ग बरोबर येतो, म बरोबर, प बरोबर, ध बरोबर, नि बरोबर, आणि फक्त रे जागेवर नसतो. आत्याचा रे म्हणजे काळी पाच, आणि तीच काळी पाच म्हणजे बाबांचा धैवत. या धैवताकडे जायला दोन रस्ते आहेत. मध्यमावर उभं राहून त्याचा गांधार घेतला तर ३२० गुणिले ५/४, म्हणजे ४००. रिषभावर उभं राहून त्याचा पंचम घेतला तर २७० गुणिले ३/२, म्हणजे ४०५. दोन्ही रस्ते स्वच्छ, दोन्हीत कुठे ओढाताण नाही, आणि तरी पोचतो आपण दोन वेगळ्या ठिकाणी. बाबांना ४०० पाहिजे होता, आत्याला ४०५. काळी पाच एकच.

४०५ आणि ४०० मधलं हे जे अंतर आहे, ८१/८०, सेंटमध्ये साधारण साडेएकवीस, ती आपली प्रमाणश्रुती, श्रुती म्हणजे कानाला वेगळं कळणारं बारीक अंतर. पश्चिमेकडे त्याला कॉमा म्हणतात, सिंटॉनिक कॉमा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात दोन वीणांचा जो प्रयोग सांगितलाय, एक वीणा तशीच ठेवायची आणि दुसरीचा पंचम एवढासा उतरवायचा की षड्जग्रामाचा मध्यमग्राम होतो (या दोन जुन्या स्वररचना), तो उतरवलेला एवढासा म्हणजे प्रमाणश्रुती. भरतमुनींनी भागाकार कुठेच दिलेले नाहीत हे मात्र लक्षात ठेवायला हवं, ८१/८० हा आकडा नंतरच्या अभ्यासकांनी बसवलेला आहे, पण कानाने ओळखायचं जे अंतर त्यांनी सांगितलं ते हेच असावं असं मलाही मनापासून वाटतं कारण दीड खोलीत बसून आत्याला तेच टोचत होतं.

आणि एकदा हे अंतर कळलं की बावीस श्रुती म्हणजे काय हा प्रश्नही बराच सुटतो. सा आणि प अचल. उरलेले दहा स्वर, कोमल रे पासून शुद्ध नी पर्यंत, प्रत्येकाच्या दोन जागा आणि त्या दोन जागांमध्ये हीच प्रमाणश्रुती. कोमल नी ४२६.७ किंवा ४३२. मध्यम ३२० किंवा ३२४. गांधार ३०० किंवा ३०३.७५. दहा दुणे वीस आणि सा-प मिळून बावीस. ही मांडणी सगळ्यांना मान्य आहे असं नाही पण शिकवायला फार सोपी पडते. भूपाचा धैवत आणि देशकाराचा धैवत वेगळा, देशकाराचा जरा चढा, असं गुरुजी सांगायचे तेव्हा आम्ही माना डोलवायचो, आता मी मुलांना ४०० आणि ४०५ दोन्ही तंबोऱ्यावर गाऊन दाखवते आणि त्यांना पटकन कळतं की जरा म्हणजे किती.

पुस्तकातही हे आहेच, फक्त कुणी उलगडून सांगत नाही. पं. भातखंड्यांच्या पद्धतीतले आकडे आठवा, सा २४०, रे २७०, ग ३०१ पूर्णांक १७/४३, म ३२०, प ३६०, ध ४०५. शेजारच्या रकान्यात पाश्चात्त्य, ग ३००, ध ४००. मी परीक्षेला हे दोन रकाने घोकले, मार्कही मिळाले, पण ४०५ आणि ४०० शेजारीशेजारी का छापलेत हे ना मी विचारलं ना कुणी सांगितलं. ३०१ पूर्णांक १७/४३ हा विचित्र आकडा ३६ इंची तारेवर २८ पूर्णांक २/३ इंचावर गांधार धरला की येतो, आणि तो तंबोऱ्याच्या ३०० चाही नाही आणि कीबोर्डच्या ३०२.४ चाही नाही, मधेच कुठेतरी.

तर आत्या आणि बाबांच्या भांडणाचा तोडगा म्हणून जगाने काय केलं, सप्तकाचे बारा सारखे भाग केले, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट. त्यात धैवत ४०३.६ वर बसतो, ना बाबांचा ना आत्याचा, पण दोघांनाही थोडा थोडा चुकीचा. कुठल्याही पट्टीत सा धरा, चूक तेवढीच. पियानोला हे लागतंच कारण एकाच तुकड्यात षड्ज बदलत जातो. आणि मुंबईतल्या भजनी मंडळालाही लागतं, एक पेटी, काळी एकचे काका, पांढरी पाचच्या काकू, मध्येच काळी तीनवाला कुणी उठतो, लोकलच्या डब्यात तर विचारूच नका, तिथे प्रत्येकासाठी वेगळी पेटी कुठून आणणार. त्या पेटीवाल्यांबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. तडजोड आहे, उपयोगाची आहे, पण ती तडजोड आहे हे लक्षात असेपर्यंतच. यंत्राची सोय हीच सुराची व्याख्या झाली आणि त्यावर गळ्याला मार्क द्यायला लागले की अडचण सुरू होते.

हा वाद आजचा नाही आणि त्यातला मोठा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडलाय म्हणून जरा थांबते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याचा आधार घेऊन श्रुतींची मोजमापं केली आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. अर्नेस्ट क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने ते काम पुढे नेलं, श्रुतीच्या खास हार्मोनियम करवून घेतल्या. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवर जोरदार चर्चा झाली आणि भातखंड्यांना ही मांडणी पटली नव्हती. त्यांचं म्हणणं मला आजही विचार करण्यासारखं वाटतं, की गायक प्रत्यक्षात काय करतो ते बघा, आधी बावीस घरं आखून त्यात त्याला बसवू नका. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवरच बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं. ही बंदी मला अन्यायाची वाटते, गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर अशी माणसं ज्या वाद्यावर झाली त्या वाद्याला दाराबाहेर उभं करणं म्हणजे काय. चांगला साथीदार गायकाच्या गांधारावर पेटीचा गांधार दाबून धरतच नाही, स्पर्श करून सोडतो, भाता हलका करतो, आजूबाजूने जातो, कारण त्याला ते १४ सेंट कानाने माहीत असतात. आणि आपल्याकडच्याच डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम करून दाखवली, म्हणजे पेटीत सुधारणा होऊ शकते हेही सिद्ध झालंय. पेटीशी माझं भांडण नाहीच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी नाहीतर हे पत्र एकांगी होईल. माणसाचा गळा ३८६ सेंटवर खिळा ठोकल्यासारखा बसत नाही. संगीताचे अभ्यासक नझीर जयराजभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ मध्ये मैफलीतल्या कलाकारांच्या सुरांची मोजमापं छापली, नंतर इथे एनसीपीए या कलासंस्थेतही यंत्राने मोजण्याचं काम झालं, आणि या सगळ्यातून हेच दिसत गेलं की मोठा कलाकारही तोच स्वर त्याच रागात दर वेळी अगदी त्याच जागी ठेवत नाही. वरून येताना वेगळा, खालून जाताना वेगळा. दरबारीच्या गांधाराचं काय करणार? तो एका जागी उभाच राहत नाही, आंदोलन, म्हणजे संथ झुलणं, हेच त्याचं घर आहे, आणि बहुतेक जाणकार तो नेहमीच्या कोमल गांधाराहूनही खाली असतो असं मानतात. भैरवाचा रिषभ तसाच. ॲप दरबारीच्या गांधाराची सरासरी काढणार आणि त्या सरासरीला कीबोर्डच्या कोमल गांधाराच्या ३०० सेंटशी ताडून लाल करणार. म्हणजे उद्या ॲपमधली पट्टी बदलून ५/४ ची केली तरी प्रश्न अर्धाच सुटतो. स्थिर लावलेल्या लांब स्वराला ती चालेल, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि आंदोलनाला तीही चालणार नाही. तिथे कानच लागतो, शिकलेल्या माणसाचा.

मुलांच्या कानावर काय पडतं तेही बघा ना. गाण्याचा सूर कॉम्प्युटरवर ओढून सरळ करणारं ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं आणि आज मोबाइलवर ऐकू येणाऱ्या किती गाण्यांत गळा असा बाराच्या साच्यात बसवलेला असतो. त्या गाण्यांत मागे कीबोर्ड, गिटार सगळं त्याच मापाचं, तिथे ते एकमेकांना धरून असतं, ऐकायला बरंही वाटतं. पण दिवसभर तेच ऐकलेल्या मुलाला आणि पालकांना तंबोऱ्याचा गांधार पहिल्यांदा ऐकला की थोडा खाली वाटतो. मला एका बाबांनी विचारलं होतं की तुम्ही मुलांना फ्लॅट शिकवता का. मी त्यांना बसवलं, तंबोरा दिला हातात, आणि कीबोर्डचा ग आणि मग गळ्याचा ग दोन्ही त्याच्यावर धरून दाखवले. दुसरा ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते परत एकदा म्हणाले.

त्या मुलीचं सांगते. निकालानंतरच्या शनिवारी ती क्लासला आली आणि यमनाचा गांधार लावताना मुद्दाम वर ढकलत होती. गळा ताणून. समोर मोबाइल ठेवला होता, ठिपका हिरवा झाला की श्वास सोडायची. तीन वर्षं जो स्वर ती डोळे मिटून लावत होती तो आता डोळे उघडे ठेवून लावायला लागली. मला वाईट वाटलं ते याचं, नंबर गेला त्याचं नाही. पहिली आलेली मुलगी छान गाते, तिचं मला कौतुकच आहे, प्रश्न तिचा नाहीच.

म्हणून तुमच्या पेपरमार्फत स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना, शाळांना आणि क्लास चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. शास्त्रीय गायनाचे सुराचे मार्क परीक्षकांच्या कानाने द्या. ॲप वापरायचंच असेल तर मुलाचा षड्ज कुठला ते आधी त्यात घाला आणि ट्यूनिंग कुठलं आहे ते बघा, बऱ्याच ट्यूनर ॲपमध्ये सेटिंगमध्ये इक्वल (बारा सारखे भाग) सोडून जस्ट (५/४ सारखी शुद्ध मापं) असा पर्याय असतो, दोन मिनिटांचं काम आहे, आणि कागदावर कुठल्या मापाने मोजलं ते छापा. नुसतं उणे १३ लिहून उपयोग नाही, कशापासून उणे? कापडवाला मीटरने मोजून दिलं की वाराने, हे आपण विचारतोच ना. आणि लहान मुलांना निदान सुरुवातीला पेटीवर किंवा कीबोर्डवर सरगम घोटायला लावू नका, तंबोऱ्यावर बसवा. खरा तंबोरा महाग आहे, मुंबईच्या घरात ठेवायला जागा नाही, मला माहीत आहे, माझाच कपाटावर आडवा असतो. इलेक्ट्रॉनिक चालेल, मोबाइलवरचा चालेल, फक्त स्पीकर जरा बरा लावा, कारण फोनच्या बारक्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही आणि खर्ज नाही तर मुलाने गांधार शोधायचा कुठे.

आयोजकांना मी या आकड्यांचं एक टिपण करून पाठवलंय, आत्याच्या काळी पाचच्या हिशेबासकट. निकाल बदलू नका असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मागणी एकच, तिच्या कागदावरचा तो शेरा काढून दुसरा कागद द्या, म्हणजे मला तो पुढच्या शनिवारच्या आत तिच्या हातात देता येईल.

आपली,
एक संगीतशिक्षिका, मुंबई